नाव न घेतलेली विनंती

चर्चच्या मंडळीतल्या बायकांची प्रार्थनेची साखळी बाकांवर बसायच्या क्रमाने चालायची. पाळकसाहेबांची बायको, म्हणजे पाळकबाई, पहिल्या बाकावर, म्हणून विनंती त्यांच्यापासून निघायची. मग त्यांच्या शेजारची, मग तिच्या शेजारची, असं करत ती फोनवरून दोन-तीन दिवसांत मागच्या भिंतीपर्यंत पोचायची. नियम साधे होते. विनंतीत भर घालायची नाही, त्यातलं काही गाळायचं नाही, कोणाची आहे ते विचारायचं नाही आणि अंधार पडायच्या आत पुढच्या बहिणीला कळवायचं. जिच्यासाठी विनंती असेल तिला तेवढं वगळायचं, म्हणजे बिचारीला स्वतःचं दुखणं दुसरीच्या तोंडून ऐकावं लागू नये. हा शेवटचा नियम बायकांनी फार मायेने केला होता. फक्त तो करताना एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही, की नाव न घेताच विनंती निघाली तर वगळायचं कोणाला?

शेवटच्या बाकावर तिघी बसायच्या. कोपऱ्यावरच्या दुकानात बटणं, दोरे, लेस विकणाऱ्या बटणमावशी; मधे धाकटी; आणि भिंतीला टेकून इस्त्रीवाली वहिनी, तिच्या जुळ्या मुलांसह. धाकटी ही मंडळीतल्या बायकांत वयाने सगळ्यात लहान, म्हणून धाकटी. कॉलेजात बालविकास शिकलेली. मंडळीने सभागृहामागच्या खोलीत पाळणाघर काढलं, तेव्हा सगळ्यांनी एकमुखाने तिचंच नाव घेतलं होतं. पोटुशी असतानाही ती तिथे काम करत होती आणि आता स्वतःचं बाळ काखेत घेऊन दुसऱ्यांची मुलं सांभाळत होती.

सांभाळणं तरी कसं? टेबलाच्या चारही कोपऱ्यांना तिने जुन्या गादीचे तुकडे शिवले होते. दुधाच्या बाटल्यांना ओळखीसाठी रंगीत दोरे बांधले होते. दाराची कडी इतकी वर बसवून घेतली होती की तिला स्वतःलाच टाचा उंचावाव्या लागत. मुलं झोपली की ती एकेकाच्या नाकाशी हाताची मागची बाजू नेऊन श्वास बघायची. नवरा चेष्टेने म्हणायचा, "अगं, मुलं आहेत ती, तिजोरी नाही." ती म्हणायची, "तिजोरी गादीवरून खाली पडत नाही."

त्या दुपारी मुलं नुकतीच आडवी झाली होती, तेवढ्यात बटणमावशींचा फोन आला.

"धाकटे, मोकळी आहेस का? विनंती आली आहे. जरा जड आहे."

"बोला मावशी." तिने आवाज खाली आणला.

"एका बहिणीसाठी. नाव सांगितलेलं नाही, आणि आपण विचारायचंही नाही." मागे दुकानात कोणी तरी चार भोकांची बटणं मागत होतं. "थांबा हो जरा, प्रार्थना चालली आहे," मावशी त्या गिऱ्हाइकावर खेकसल्या आणि परत मऊ आवाजात फोनवर आल्या. "तर, एक बहीण आहे. लेकुरवाळी आहे. तिचा राग तिच्या हातात राहत नाही. लेकराला मारते म्हणे. खोलीत कोंडून ठेवते. प्रभूने तिचे हात धरावेत, अशी विनंती."

मारलेल्या मुलांचं काही ऐकलं की धाकटीला जेवण जात नसे. "कोणाचं असेल हो?" तिच्या तोंडून निसटलं.

"विचारायचं नाही," मावशी म्हणाल्या. मग जराशाने, "मी काही बोलणार नाही. नियम म्हणजे नियम. फक्त तू डोळे उघडे ठेव, एवढंच. तुझ्याकडे मुलं येतात. कोणाची तरी दोन एकदम येतात ना? मी नाव घेत नाही हं."

दोन एकदम. धाकटीची नजर आपोआप खिडकीखालच्या चटईकडे गेली. इस्त्रीवाल्या वहिनीची जुळी तिथे एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपली होती. थोरल्याच्या नडगीवर निळसर डाग होता. वहिनीचा आवाज केवढा मोठा! सकाळी मुलांना सोडताना कशी ओरडते, "हलला जागचा तर तंगडं मोडीन!" धाकटी फोन खांद्यात धरून गुडघ्यांवर बसली आणि तिने हळूच थोरल्याचा शर्ट वर केला. पाठ स्वच्छ होती. मग धाकट्याचा शर्ट.

"आणि चलाख किती बघ," मावशी सांगतच होत्या, "लेकराचं रडणं शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून मिक्सर लावून ठेवते. रिकामाच! ऐकलंय का कधी असलं?"

धाकटीच्या बोटांत शर्टाचं टोक तसंच राहिलं.

"ऐकते आहेस ना? बरं, आता तू पुढे तुझ्या शेजारी... अगं बाई!" मावशींना आत्ता उमगलं. "पुढची तर तीच. मग असं कर, तिला वगळ. वगळायचंच असतं. आणि तिच्यापुढे काय, भिंतच आहे. संपली साखळी. प्रार्थना मात्र मनापासून कर."

फोन बंद झाला. धाकटीने शर्ट खाली ओढून नीट केला. तो दोनदा नीट केला, तरी तिला तो नीट वाटेना.

रिकामा मिक्सर या जगात फक्त दोघींना ठाऊक होता.

बाळ चार महिन्यांचं असतानाची ती दुपार. पोट दुखत होतं की काय, ते सकाळपासून रडत होतं. नवरा छापखान्यात पाळीवर. तिने खांद्यावर घेतलं, मांडीवर घेतलं, गाणी म्हटली, गाणी संपली. मग एका क्षणी तिने आपल्या हातांकडे पाहिलं, बाळाच्या दंडांभोवतीची बोटं आवळली जात होती आणि ती बोटं तिला आपली वाटेनात. तिने बाळाला पाळण्यात ठेवलं, दार लोटलं, स्वयंपाकघरात आली. रडणं तिथेही आलं. तेव्हा तिने मिक्सरचं रिकामं भांडं बसवून बटण फिरवलं आणि झाकणावर दोन्ही तळवे दाबून उभी राहिली, हात पुन्हा आपले होईपर्यंत. जळका वास आला तेव्हा ती भानावर आली. बाळ रडून रडून झोपलं होतं. पुढचे कितीतरी दिवस तिला झोपेतही तो घरघराट ऐकू यायचा.

तिने हे आईला सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही. सांगितलं ते सूरताईला. सूरताई उपासनेत पियानो वाजवायची, मंडळीला पहिला सूर द्यायची. बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता म्हणून हीच उभी राहिली होती, बाळाचं टोपडं हीच धरून होती. त्या दिवशी ती पियानोच्या पट्ट्या ओल्या फडक्याने पुसत होती. ऐकता ऐकता तिचे डोळे भरले. तिने धाकटीला जवळ घेतलं आणि पियानोचं झाकण लावत म्हणाली, "हे इथे, या झाकणाखाली राहील. मी आहे ना तुझी."

आता त्याच पियानोचे सूर शेजारच्या सभागृहातून येत होते. रोज मुलं झोपायच्या वेळीच ती सराव करायची, हळू हात ठेवून. मुलांना तीच अंगाई झाली होती.

सभासद होताना त्यांच्या मंडळीत प्रत्येकाला उभं राहून कबूल करावं लागे: कोणाबद्दल काही मनात आलं तर आधी त्याच्याकडेच जाईन, आणि एकटी जाईन. धाकटीने मधलं दार उघडलं, उघडंच ठेवलं, आणि पियानोजवळ अशा जागी उभी राहिली की तिथून चटया दिसाव्यात.

"ये गं," सूरताई वाजवणं न थांबवता म्हणाली. "बाळ झोपलं?"

"मला साखळीवरून विनंती आली. मिक्सरची."

सूर मधेच तुटला. सूरताईने आधी पट्ट्यांकडे पाहिलं, मग उघड्या दाराकडे. "तुझ्यापर्यंत कशी आली? तुला वगळायला हवं होतं."

धाकटीला वाटलं होतं ती म्हणेल, मी नाही गं, दुसरंच कोणी असेल. म्हटलं असतं तर तिने विश्वासही ठेवला असता. येताना चार पावलांत तिने त्याची तयारीही केली होती.

"कोण वगळणार? नाव कुठे होतं?"

"तेच तर! मी तुझं नाव घेतलं का? 'एक बहीण' म्हणाले. पाळकबाईंना सुद्धा सांगितलं नाही कोण ते. माझ्या एकटीच्या प्रार्थनेने काय होणार गं, मला वाटलं सगळ्यांनी धरावं तुला."

"मिक्सर कशाला सांगितलात?"

"प्रार्थना नेमकी असावी लागते." मग तिच्या कपाळावर आठी आली. "आणि हे सांगितलात-बिगितलात काय? मला अहोजाहो कधीपासून?"

धाकटीला स्वतःलाही ते आत्ताच कळलं. तिने ते बदललं नाही. "मारते म्हणून कोणी सांगितलं?"

"मी नाही. मी म्हणाले, हात उगारावासा वाटतो. पुढे बायकांनी तिखटमीठ लावलं असेल, त्याला मी काय करू?"

"आणि त्या सगळ्या आता वहिनीचं नाव घेतायत."

सूरताई दचकली नाही. धाकटी लहान मुलांमध्ये दिवस काढणारी. कोणाला काय आधीपासून ठाऊक आहे हे तिला चेहऱ्यावरून कळायचं.

"तुम्हाला माहीत होतं."

"कानावर आलं होतं." सूरताईने तिचा हात धरला, प्रेमानेच धरला. "हे बघ, नीट ऐक. तिचं काही बिघडणार नाही. जाड कातडीची आहे ती, आधीच आरडाओरडा करते, लोकांना वाटतंच काहीबाही. चार दिवस बोलतील आणि विसरतील. तुझं तसं नाही. तुझ्या नावाने हे उघड झालं तर उद्या एक तरी आई मूल ठेवेल का इथे? म्हणून मी गप्प बसले. तुझ्याचसाठी."

"ती नाही, एवढं तरी कोणाला म्हणालात?"

"ती नाही म्हटलं की मग कोण, हे विचारणार ना! सुटलीस तू, धाकटे. जरा समजून घे."

सुटलीस तू. दुसऱ्या बाईच्या पोरांच्या पाठी उघड्या करून. धाकटीने आपला हात काढून घेतला. तिला ओरडायचं होतं, पण मुलं झोपली होती, आणि तिने मंडळीत आजवर कधी आवाज चढवला नव्हता. ती एवढंच म्हणाली, "माझं ते या झाकणाखाली राहणार होतं."

थोड्या वेळाने पियानो पुन्हा सुरू झाला. बाकीची मुलं निवांत झोपली होती. धाकटी मात्र बाळाशेजारी बसून त्याच्या नाकाशी हात धरून राहिली, पुन्हा पुन्हा, तो चांगला श्वास घेत असतानाही.

संध्याकाळी इस्त्रीवाली वहिनी नेहमीसारखी दारातून वादळासारखी आली. दिवसभर वाफेत राहून तिचे हात लाल झाले होते आणि केस कपाळाला चिकटले होते.

"कुठे आहेत माझे दोन राक्षस? आज कोणाला चावले?"

"वहिनी, बसता का जरा? बोलायचंय."

"बसले तर उठणार नाही मी, पाय गेलेत. उभ्यानेच बोल. काय तोडलं?"

धाकटीने उभ्यानेच सांगितलं. साखळीवरून काय आलं ते, त्यातलं खरं काय ते, आणि ते खरं कोणाचं आहे ते. मधे तिने बाळाला या काखेतून त्या काखेत घेतलं. पाळणाघराचं काय होईल हे डोक्यात घोळत होतं, तरी ती शेवटपर्यंत आली.

वहिनीच्या तोंडावरचं हसू एका बाजूने ओसरत गेलं. "म्हणजे परवा पाळकबाईंनी माझे हात धरून ठेवले होते, सोडेचनात, ते यासाठी? मला वाटलं त्यांना चक्कर येते आहे. मीच त्यांना सावरून धरलं!" ती हसली, पण ते हसू लगेच संपलं. "आणि बटणवाली मावशी आज सकाळी पोरांना गोळ्या देऊन गुडघे तपासत होती. मला वाटलं माया आहे."

"वहिनी, मी..."

"तू बघितलंस?"

धाकटीला प्रश्न कळला. नाही म्हणणं सोपं होतं. मुलं काही सांगणार नव्हती. "बघितलं. आज दुपारी. मिक्सरचं ऐकायच्या आधी."

"शर्ट वर करून?"

"हो."

खाली वाकून वहिनीने दोन्ही मुलांचे बूट चढवले, उलटसुलट, परत काढून सरळ. "नडगीवरचं ते, जिन्यावरून पडला रविवारी. तुझ्यासमोरच पडला. तूच ओली पट्टी लावलीस." तिचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "तेही विसरलीस ना, एका फोनवर?"

धाकटी खरंच विसरली होती.

"कोणी पसरवलं?"

"तिच्याशी मी बोलले आहे. पुढे नाही न्यायचं मला."

"नको नेऊस. मी रविवारी एकेकीचं तोंड बघेन, कळेल मला. तू काय करणार आहेस?"

"विनंत्यांच्या वेळी उठून सांगणार."

"सांग. मी शेजारीच बसेन तुझ्या." वहिनीने दोघांची बखोटी धरली. "माफ केलंय म्हणून नाही, समजलं? तोंडं बघायला."

घरी तिने नवऱ्यालाही सांगितलं. त्याने बाळाला पोटावर घेतलं होतं. ऐकताना त्याचा हात बाळाच्या पाठीवर थांबला. मग तो म्हणाला, "म्हणून तो जळाला होता. मी दुकानदाराशी भांडलो ना उगाच. नवा मिक्सर, महिन्यात जळतोच कसा म्हणून." आणि मग, तिच्याकडे न बघता, "मला सांगायचंस. तिला का सांगितलंस?"

"तुला कळलं असतं तर तू मला बाळाजवळ एकटी सोडताना घाबरला असतास."

तो नाही म्हणाला नाही. म्हणून तिला तो थोडा जास्त जवळचा वाटला, आणि रडूही आलं.

रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, "कोणाच्या काही विनंत्या?" तेव्हा शेवटच्या बाकावरून धाकटी उठली. बाळ कडेवर होतं. ते तिच्या गळ्यातली साखळी ओढत होतं. काल आरशासमोर म्हणून पाहिलेली सगळी वाक्यं ती विसरली.

"साखळीवरून जी विनंती फिरली, ती माझी आहे," ती म्हणाली. "मी बाळाला मारलेलं नाही. माझ्या हातांची मला भीती वाटली म्हणून त्याला खाली ठेवलं, दार लोटलं आणि मिक्सर लावला. ती दुसऱ्या कोणाची समजून कोणी कोणाकडे तसं बघितलं असेल, मीसुद्धा बघितलं, तर ते आज इथे थांबावं. एवढीच विनंती."

बटणमावशींनी मान खाली घातली आणि ओठ हलवत काही तरी पुटपुटल्या. वहिनी कोणाकडेही बघायचं सोडून फक्त पुढे बघत होती, पियानोकडे. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, मग गीताचा आकडा सांगितला. सगळे उभे राहिले आणि पहिल्या सुराची वाट बघू लागले. सूर येईना. सूरताईचे हात पट्ट्यांवर अधांतरी होते, पण ते उतरत नव्हते. शेवटी मंडळीतल्या कोणी तरी सूर न घेताच सुरुवात केली, खालच्या पट्टीत, आणि बाकीच्यांनी जमेल तसं त्यात आपला आवाज मिसळला.

बाहेर पडताना बटणमावशींनी तिला बाजूला घेतलं. "धाकटे, कोणाला सांगितलं होतंस हे तू? आम्हाला कळायला हवं." सूरताई शेजारूनच चालली होती. तिची पावलं मंद झाली.

"माझं मी बोलले आहे तिच्याशी," धाकटी म्हणाली. सूरताईने वळून पाहिलं, काही तरी म्हणायला तोंड उघडलं. धाकटीने बाळाचं टोपडं नीट केलं आणि निघाली. तिने नाव घेतलं नव्हतं. तेवढंच तिच्याने झालं. पुन्हा तू म्हणणं तिच्याने होणार नव्हतं.

सोमवारी तिने नेहमीसारख्या चटया अंथरल्या, बाटल्या उकळल्या. एका आईने कळवलं, आजी आली आहे, काही दिवस मूल घरीच राहील. दुसरीच्याही घरी आजी आली होती. तिसरीने काहीच कळवलं नाही, तिची जागा नुसती रिकामी राहिली. मधल्या दारापलीकडे पियानोचं झाकण बंद होतं. धाकटी दाराजवळ उभी राहून रस्त्याकडे बघत राहिली. पाळणाघर आजच बंद पडेल की आठवड्याने, एवढाच काय तो प्रश्न उरला होता.

तेवढ्यात तो मोठा आवाज आला. "चला रे, पाय उचला! उशीर झाला तर तुम्हालाच इस्त्री करीन!"

वहिनीने दोघांना आत ढकललं. धाकटीकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे, सरळ, लपवून नाही.

"संध्याकाळी मी दोघांचे शर्ट वर करून बघणार आहे," ती म्हणाली. "रोज. राग मानायचा नाही."

"बघा," धाकटी म्हणाली.

वहिनी दोन पावलं गेली आणि परत वळली. "आणि रडायला लागला की थोरल्याला खाली ठेवून दे सरळ. जडही झालाय तो." मग रस्त्याकडे तोंड करून, "मिक्सर नको लावूस मात्र. तो घाबरतो."

धाकटीने टाचा उंचावून वरची कडी लावली.